अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं नर्सिंग डायग्नोसिस: आधी बाळ बघा, मग वही उघडा

केअर प्लॅनच्या, म्हणजे बाळाच्या देखभालीच्या आराखड्याच्या, वह्या तपासायला घेतल्या की पहिल्याच ओळीला पेन थांबतो. "नर्सिंग डायग्नोसिस: आरडीएस." आरडीएस हे फुप्फुसाच्या आजाराचं नाव; नर्सिंग डायग्नोसिस म्हणजे आजाराला बाळाचं शरीर कसं तोंड देतंय याची आपली नोंद. दुसऱ्या वहीत "रिस्क फॉर हायपोथर्मिया (अंग गार पडण्याचा धोका), ॲज एव्हिडन्स्ड बाय तापमान ३५.६." तिसऱ्या वहीत सात डायग्नोसिस, भाषा अगदी शुद्ध, पण त्यातलं बाळ पुस्तकातलं. वही लिहिणाऱ्या मुलीच्या समोरच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) जे बाळ होतं, त्याचा त्यात पत्ताच नाही.

जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींकडून या चुका होतातच. एनआयसीयूत किंवा एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास विभागांत) नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरकडूनही होतात. चूक इंग्रजीची नाही, क्रमाची आहे. आपण आधी लिहितो आणि मग बाळाकडे बघतो. तो क्रम उलटा कसा करायचा, ते टप्प्याटप्प्याने सांगते. औषधं, सलाईन, ऑक्सिजन डॉक्टरांच्या ऑर्डरने आणि युनिटच्या प्रोटोकॉलने चालतात. इथे बोलायचं आहे ते आपल्या हातातल्या कामाबद्दल.

समजण्यासाठी एक बाळ धरू. हे मी शिकवायला रचलेलं आहे. गगनबावड्याकडच्या एका वाडीतलं, पावसाळ्यातलं. ३१ आठवडे, जन्मवजन १३४० ग्रॅम. १०८ मधून कोल्हापुरात आलं तेव्हा वय ५ तास. आई तालुक्याच्या दवाखान्यातच आहे, सोबत बाप आणि आत्या आलेत.

## तयारी: बाळाजवळ जाण्याआधी

कागद आधी वाचा. किती आठवड्यांचं बाळ, हे कशावरून ठरवलं ते बघा. पाळीची तारीख, सुरुवातीची सोनोग्राफी आणि बॅलार्ड स्कोअर (बाळाच्या अंगावरच्या खुणांवरून काढलेला आठवड्यांचा अंदाज) यांत फरक असेल तर तो लिहून ठेवा. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं प्रत्येक बाळ प्रीटर्म असतं, पण २८च्या आतलं, २८ ते ३२मधलं आणि ३५चं ही तीन अगदी वेगळी बाळं आहेत. वजनाचंही तसंच: १५०० ग्रॅमच्या आत व्हीएलबीडब्ल्यू (खूप कमी जन्मवजन), १००० ग्रॅमच्या आत ईएलबीडब्ल्यू (अतिशय कमी जन्मवजन).

त्यानंतर आईबद्दल चार गोष्टी विचारा. प्रसूतीआधी स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली का, आणि किती झाली? पाणी जाऊन किती तास झाले होते? ताप होता का? बीपी किंवा शुगर होती का? या उत्तरांतूनच पुढे "कशामुळे" लिहायला मिळणार आहे.

मग हात. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून कोपरापर्यंत बाही वर. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. धुतल्यावर हात पुसून कोरडे आणि उबदार करा. गार हाताने बाळाला स्पर्श केलात तर आपणच त्याची ऊब काढून घेतो.

तपासा: तापमान, डायपर बदलणं, तपासणी, रक्त घेणं ही कामं एकाच वेळी उरकता येतील का? डॉक्टरांना विचारून वेळ ठरवा. दर वीस मिनिटांनी पेटीची खिडकी उघडणं हेच या बाळाला मोठं दुखणं असतं.

## टप्पा १: हात न लावता बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि इथेच सगळं बिघडतं. पेटीजवळ दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा.

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. अपुऱ्या दिवसांचं बाळ भरभर श्वास घेतं, मध्येच थांबतं, पुन्हा सुरू करतं, म्हणून गुणाकार हमखास चुकतो. थांबणं २० सेकंद किंवा जास्त असेल तर तो ॲप्निया. त्याहून कमी असलं तरी सोबत ठोके १००च्या खाली गेले किंवा सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) पडलं, तर तोही ॲप्नियाच.

मग छाती बघा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, कण्हण्याचा आवाज येतो का. सिल्व्हरमन स्कोअर (श्वासाचा त्रास मोजणारा तक्ता) इथेच भरा. त्यात आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त, म्हणजे जन्मताच बाळाची स्थिती मोजणाऱ्या अपगार स्कोअरच्या उलट. ही गल्लत मी दरवर्षी बघते.

मॉनिटरवरचा आकडा वाचण्याआधी त्याची लाट बघा. लाट वेडीवाकडी असेल तर तो आकडा बाळाचा नसून सैल प्रोबचा असतो.

आमच्या बाळाच्या बाबतीत काय दिसलं? श्वास मिनिटाला ७२, कण्हणं ऐकू येतं, छाती आत जाते, सॅच्युरेशन ८८. हात-पाय ढिले पसरलेले.

## टप्पा २: आता स्पर्श

आधी पोट, मग तळपाय. हाताच्या मागच्या बाजूने. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि तळपाय गार म्हणजे बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार म्हणजे झगडा हरत चाललंय. मग काखेत थर्मामीटर.

- ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस: नॉर्मल
- ३६.० ते ३६.४: कोल्ड स्ट्रेस
- ३२.० ते ३५.९: मध्यम हायपोथर्मिया
- ३२च्या खाली: गंभीर

मग केशिका भरण्याचा वेळ, म्हणजे सीआरटी, छातीच्या हाडावर दाबून. ३ सेकंदांपेक्षा जास्त असेल तर लगेच कळवा. मात्र बाळ गार असेल तर सीआरटी नुसत्या थंडीनेही लांबतो, म्हणून तापमान शेजारी लिहिल्याशिवाय सीआरटी लिहू नका. पोटाचा घेर, कातडीवरचे चट्टे, नाळ, सलाईनची जागा. टाचेच्या कडेला टोचून साखर घ्या, टाचेच्या मधोमध टोचू नका. ४५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर वहीचं काम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना हाक मारा.

आमच्या बाळाचं तापमान ३५.६, पोट आणि पाय दोन्ही गार. साखर ४१. कपडा ओलसर.

सावधान: निरीक्षण आणि मत वेगळं ठेवा. "बाळ सुस्त" हे मत झालं. "तळव्याला टिचकी मारल्यावर पाय हलवतं, रडत नाही" हे निरीक्षण झालं. पण अनुभवी सिस्टर "हे बाळ आज नेहमीसारखं दिसत नाही" म्हणाली तर तेही लिहा आणि कळवा. इन्फेक्शनची पहिली खूण बरेचदा तेवढीच असते.

## टप्पा ३: तीन वाटे करा

कागदावर तीन रकाने पाडा.

पहिला डॉक्टरांचं निदान: आरडीएस, सेप्सिस (रक्तात पसरलेलं इन्फेक्शन), एनईसी (आतड्याचा गंभीर आजार), कावीळ. हे रोगाचं नाव आहे, ते आपलं डायग्नोसिस नाही.

दुसरा आपलं निदान: त्या रोगाला किंवा अपुरेपणाला बाळाचं शरीर कसं तोंड देतंय, आणि जिथे आपण स्वतः काही करू शकतो. श्वासाचा ढंग बिघडलाय. ऊब टिकत नाही. चोखणं-गिळणं जमत नाही. कातडी सोलवटण्याचा धोका आहे.

तिसरा सामायिक. उपाय डॉक्टरांच्या ऑर्डरने, पण लक्ष आपलं. साखर ४१ इथे बसते.

रोगाचं नाव कोणत्या रकान्यात गेलं, एवढं बघितलं तरी निम्म्या वह्या सुधारतील.

## टप्पा ४: वाक्य बांधा: काय, कशामुळे, कशावरून

इंग्रजीत लिहिताना "रिलेटेड टू" आणि "ॲज एव्हिडन्स्ड बाय" यांत गुंता होतो, कारण ते शब्द पाठ केलेले असतात. म्हणून आधी स्वतःला मराठीत तीन प्रश्न विचारा. काय बिघडलंय? कशामुळे? कशावरून म्हणतेस?

आमच्या बाळासाठी असं:

काय: हायपोथर्मिया. कशामुळे: अंगावर ओलसर कपडा, घाटातल्या प्रवासात कमी पडलेली ऊब, अंगात चरबी थोडी. कशावरून: काखेत ३५.६, पोट आणि तळपाय गार.

काय: इनइफेक्टिव्ह ब्रीदिंग पॅटर्न (श्वासाचा ढंग बिघडलाय). कशामुळे: फुप्फुसं अपुरी वाढलेली, छातीचे स्नायू लवकर थकतात, त्यात थंडी. कशावरून: श्वास ७२, कण्हणं, छाती आत ओढली जाणं.

आता चुका.

पहिली: धोक्याच्या डायग्नोसिसला "कशावरून" जोडणं. जे अजून घडलं नाही त्याचा पुरावा कुठून आणणार? "रिस्क फॉर"ला दोनच भाग असतात, काय होऊ शकतं आणि कशामुळे. तापमान ३५.६ असताना "रिस्क" शब्द वापरलात तर घडलेली गोष्ट तुम्ही कागदावर नाकारलीत, आणि पुढच्या शिफ्टला वाटेल की अजून वेळ आहे.

दुसरी: सगळ्याला एकच कारण, "प्रीमॅच्युरिटीमुळे". खोटं नाही, पण त्यावर आपण काहीच करू शकत नाही. ओला कपडा आपण काढू शकतो. एसीचा झोत येणारी जागा बदलू शकतो. जिथे हात पोचतो ते कारण आधी लिहा.

तिसरी: कारण आणि पुरावा एकच. "श्वास नीट नाही, कारण श्वास जलद आहे" या वाक्यात नवीन काहीच नाही.

चौथी जरा बारीक आहे. "इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज" (फुप्फुसात वायूंची देवाणघेवाण नीट न होणं) हे नाव भारदस्त वाटतं म्हणून सर्रास लिहिलं जातं. त्यासाठी सॅच्युरेशन किंवा एबीजीचा (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीचा) आधार लागतो. नुसत्या छातीच्या हालचालीवरून लिहायचं असेल तर "ब्रीदिंग पॅटर्न" बरोबर. आमच्या बाळात सॅच्युरेशन ८८ आहे, तेव्हा दोन्ही लिहिता येतील. पण एबीजी आलेला नसताना तो आल्यासारखं लिहू नका.

तपासा: वाक्यातलं बाळाचं नाव झाकून शेजारच्या पेटीतल्या बाळाला हेच वाक्य लागू पडतं का? पडत असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा ५: क्रम लावा

श्वास, ऊब, साखर. या तिघांची साखळी असते. बाळाला कुडकुडून ऊब आणता येत नाही. ते साठवलेली थोडीशी तपकिरी चरबी जाळतं, त्यात ऑक्सिजन आणि साखर दोन्ही खर्च होतात. मग साखर पडते, श्वास आणखी बिघडतो, आणि श्वास बिघडला की ऊब तयार करायला ऑक्सिजन उरत नाही. म्हणून कागदावर श्वास पहिला असला तरी प्रत्यक्षात सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणारं यंत्र) लावताना ओला कपडा काढलेला हवा, आणि साखरेचा फोन त्याच मिनिटाला गेलेला हवा.

त्यानंतर इन्फेक्शन, मग दूध, मग कातडी, मग दुखणं आणि गोंगाट, आणि आई-बाप. शेवटचं नाव शेवटी लिहिलं जातं म्हणून ते शेवटी करायचं नसतं. ते पहिल्या तासातच सुरू होतं.

पुस्तकातली सात डायग्नोसिस एकदम उतरवू नका. या तासाला खरी असतील तेवढी तीन-चार लिहा.

## टप्पा ६: ध्येय आणि काम

"बाळाची तब्येत सुधारेल" हे ध्येय नाही. ध्येयात आकडा हवा आणि वेळ हवी. कामात "कोण, किती वेळाने" हवं.

### ऊब

ध्येय: पुढच्या काही तासांत काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५मध्ये, आणि नंतर तिथेच.

कोरडा, गरम केलेला कपडा. डोक्याला टोपी, कारण बाळाच्या अंगाच्या मानाने डोकं मोठं असतं आणि बरीच ऊब तिथूनच जाते. वॉर्मर आधी तापवून ठेवा, बाळ आल्यावर चालू करू नका. ऊब चार वाटांनी जाते: ओल्या अंगावरून, गार पृष्ठभागाला टेकून, वाऱ्याच्या झोताने, आणि शेजारच्या गार भिंतीकडे किंवा खिडकीकडे. पावसाळ्यात खिडकीलगतची पेटी हे चौथ्याचं उत्तम उदाहरण. वजनकाट्यावर गरम कपडा टाका आणि त्याचं वजन वजा करा.

स्किन प्रोब पोटाच्या उजव्या वरच्या भागावर, हाडावर नको, आणि बाळ त्यावर पालथं नको.

सावधान: प्रोब सुटला की मशीनला बाळ गार वाटतं आणि ते तापवतच सुटतं. बाळ भाजून निघतं. स्क्रीनवर ३६.५ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, काखेतलं तापमान हाताने घ्याच. ऊब देत असताना दर १५ ते ३० मिनिटांनी, स्थिर झाल्यावर युनिटच्या वेळापत्रकाने.

बाळ स्थिर झालं की कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं. हे उबेचं, श्वासाचं, दुधाचं आणि आईच्या मनाचं असं चौघांचं काम एकदम करतं. एका बैठकीला निदान एक तास, कारण सतत उचल-ठेव केली तर बाळ दमतं. आई नसेल तर बाप, आजी, आत्या. आमच्याकडे बाप लाजतात. पडदा ओढून, पुढून उघडणारा शर्ट देऊन, शेजारी उभं राहून पहिल्यांदा करून घ्या. एकदा बाळ छातीवर झोपलं की तो माणूस पुन्हा विचारायला लावत नाही.

### श्वास

ध्येय: सॅच्युरेशन ९० ते ९५, श्वास मिनिटाला ६०च्या आत येत जाणं, कण्हणं थांबणं.

खांद्याखाली कापडाची छोटी घडी, मान किंचित मागे. जास्त मागे गेली तरी वाट बंद होते आणि पुढे वाकली तरी. सीपॅप असेल तर पाण्यात बुडबुडे सतत येतात ना, ह्युमिडिफायरमध्ये पाणी आहे ना, पोटातली हवा जायला ओजी ट्यूब (तोंडातून पोटात जाणारी नळी) उघडी आहे ना, हे बघा. नाकाचा पडदा दर दोन-चार तासांनी नीट पाहा. तो लाल झाला की प्रॉंगचा (नाकात बसवलेल्या नळ्यांचा) दाब कमी करायची वेळ आलीच, पांढरा-काळा झाल्यावर उशीर झालेला असतो.

आता माझ्या मनातलं सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्सिजन चालू असताना अलार्मची वरची मर्यादा १०० ठेवून देण्याची सवय मोडा. बीप थांबतं, पण बाळाच्या डोळ्यांमागच्या पडद्याचं नुकसान चालू राहतं. जादा ऑक्सिजन हे आरओपीचं (अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्या पडद्याच्या आजाराचं) मोठं कारण आहे. ऑक्सिजनवर असेपर्यंत वरची मर्यादा ९५च्या आसपास, आणि सॅच्युरेशन ९८ दिसलं तर "छान आहे" म्हणण्याऐवजी ऑक्सिजन कमी करायचा का ते विचारा.

३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २००० ग्रॅमच्या आतल्या बाळाची डोळ्यांची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांत, आणि २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्याची दोन-तीन आठवड्यांतच. ती तारीख दाखल होण्याच्या दिवशीच फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. बाळ घरी गेलं तरी ती तारीख चुकता कामा नये.

### इन्फेक्शन

हे "रिस्क" म्हणून लिहायला योग्य आहे, कारणं मात्र त्या बाळाची लिहा: सेंट्रल लाईन, नाजूक कातडी, आईला ताप. हबला (नळीच्या जोडायच्या टोकाला) सलाईन जोडण्याआधी ते १५ सेकंद घासा. नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवा. प्रत्येक बाळाचा स्टेथोस्कोप आणि टेप वेगळा.

### दूध

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो. ३२च्या आत ट्यूब, ३२ ते ३४ चमच्याने किंवा बोंडल्याने, पुढे अंगावर. आठवडे हा अंदाज आहे. शेवटी बाळ काय दाखवतं ते बघा.

ट्यूबची लांबी तोंडापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाचं टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजा. पोटाचा घेर रोज एकाच जागी, एकाच टेपने. २ सेंटिमीटरने वाढला, हिरवं पाणी आलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर दूध थांबवून लगेच कळवा.

आईचं दूध काढायला पहिल्या काही तासांतच सुरुवात हवी, दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी. पहिलं पिवळसर चिकाचं दूध थेंबभर असलं तरी ते या बाळाचं औषध आहे. "दूधच येत नाही" म्हणणाऱ्या बहुतेक आयांना कोणी नीट काढायला शिकवलेलंच नसतं.

तपासा: पहिल्या आठवड्यात वजन घटतंच, १० ते १५ टक्क्यांपर्यंत. ते पाहून लगेच "पोषण कमी" असं डायग्नोसिस लिहू नका. दुसरा आठवडा संपत आला आणि जन्मवजन परत आलं नाही, तर लिहा.

### कातडी, दुखणं, गोंगाट

चिकटपट्टी ओढून काढू नका, ओल्या कापसाने हळूहळू सोडवा. सॅच्युरेशनचा प्रोब दर तीन-चार तासांनी दुसऱ्या पायावर. ईएलबीडब्ल्यू बाळाच्या कातडीवर स्पिरिटने भाजतं. टोचण्याआधी दोन मिनिटं आईच्या दुधाचे काही थेंब जिभेवर आणि हातपाय पोटाशी घेऊन धरणं, एवढ्याने रडणं कमी होतं. पेटीच्या वर फाईल आपटू नका, आत तो आवाज खूप मोठा जातो. बोटं फाकणं, जांभया, उचकी, रंग बदलणं म्हणजे बाळ "आता पुरे" म्हणतंय. थांबा.

## टप्पा ७: आई-बापाचं डायग्नोसिस

आमच्या बाळाची आई दूर आहे. "रिस्क फॉर इम्पेअर्ड अटॅचमेंट (आई-बाळाचं नातं जुळायला अडथळा येण्याचा धोका), कारण आई दुसऱ्या दवाखान्यात आणि बाळ पेटीत" हे लिहायला कोणी विसरू नये. ध्येय: २४ तासांत आईने बाळाला निदान व्हिडिओवर पाहिलेलं असावं, आणि दूध काढणं सुरू झालेलं असावं. आईला इकडे हलवता येईल का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

आत्या विचारेल, "सिस्टर, सातव्या म्हैन्याचं जगतंय म्हणत्यात, खरं काय?" आठव्या महिन्याचं जगत नाही ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, आणि ती चूक आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. हे शांतपणे सांगा, पण "काही होणार नाही" असं वचन देऊ नका. जे आज दिसतंय तेवढंच सांगा.

पाचवी पुजायची असते. पूजा घरी होऊ द्या. घुटी, मध, अंगारा, काजळ, नाकात-कानात तेल बाळापर्यंत येणार नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी प्रेमाने बोला. पाचव्या दिवशी दारात अडवलं तर भांडण होतं.

## टप्पा ८: पुन्हा बघा, आणि खोडा

शिफ्टच्या शेवटी प्रत्येक डायग्नोसिसजवळ उभं राहून तीनपैकी एक लिहा: ध्येय गाठलं, थोडं गाठलं, नाही गाठलं. गाठलं नसेल तर काम चुकलं, की "कशामुळे" चुकलं, ते शोधा. बाळ उबदार झालं तरी पुन्हापुन्हा गार पडत असेल, तर कारण प्रवास नव्हता. इन्फेक्शनचा विचार करा आणि डॉक्टरांना कळवा.

सुटलेलं डायग्नोसिस तारीख टाकून बंद करा. आमचं बाळ दुसऱ्या दिवशी ३६.८वर टिकलं, तर "हायपोथर्मिया" बंद आणि "रिस्क फॉर हायपोथर्मिया" सुरू. आता तो शब्द बरोबर आहे.

हँडओव्हर बाळाजवळ उभं राहून द्या, टेबलाशी बसून नको. पुढची सिस्टर ऐकताना त्या बाळाकडे बघत असली पाहिजे. आणि शेवटी तिला एवढं सांगा: आईला रात्री दोन वाजता दूध काढायची आठवण करायची आहे, तिचा फोन नंबर फाईलला लावलाय.